छोटी लक्झरी स्पोर्ट सेडान घेताय? शोरूमच्या आधी बिल्डिंगचं पार्किंग बघा

पहिली लक्झरी गाडी घ्यायला निघालेला माणूस शोरूममध्ये शिरल्या शिरल्या दोन गोष्टी विचारतो. शंभरचा वेग किती सेकंदांत, आणि ऑन-रोड किती? मीही हेच विचारलं होतं. त्या गाडीबरोबर मुंबईत चार पावसाळे काढल्यावर आता कोणी सल्ला मागितला, की मी आधी विचारतो, तुमच्या सोसायटीचा रॅम्प किती तिरपा आहे? समोरच्याला वाटतं चेष्टा करतोय.

मी पार्ल्यात राहतो, ऑफिस लोअर परळला. इमारत रिडेव्हलपमेंटमधली, म्हणजे फ्लॅट ऐसपैस आणि पार्किंग मशीनचं, गाडी लोखंडी प्लेटवर उचलून ठेवणारं. तीन वर्षं वापरलेली एक जर्मन सेडान हौसेने घरी आणली आणि पहिल्याच आठवड्यात रॅम्पच्या तोंडाशी पुढच्या बंपरखालची पट्टी सोलून निघाली. दोष गाडीचा नव्हता. व्हिडिओ बघून गाडी पसंत केली होती, आणि व्हिडिओतले रस्ते पार्ल्यातले नव्हते.

हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे आज सिटी, व्हर्ना किंवा स्लाव्हिया आहे, ज्यांना एक पायरी वर जायचं आहे, एसयूव्ही नको आहे आणि जे गाडी स्वतः चालवतात. ड्रायव्हर ठेवून मागे बसणार असाल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही.

नेमक्या कोणत्या गाड्या

या वर्गातली जुनी त्रिमूर्ती म्हणजे बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी-क्लास आणि ऑडी ए४. त्याखालच्या पायरीवर बीएमडब्ल्यू टू सिरीज ग्रॅन कूपे आणि मर्सिडीज ए-क्लास लिमोझिन. वॉल्वो एस६० आणि जॅग्वार एक्सई आता नव्या मिळत नाहीत, वापरलेल्यांच्या बाजारात दिसतात. कोणती कंपनी कोणतं मॉडेल कधी बंद करेल याचा नेम नसतो, म्हणून आज शोरूममध्ये काय उभं आहे ते फोन करून विचारा आणि मगच निघा.

एक फरक आताच समजून घ्या. थ्री सिरीज आणि सी-क्लासमध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते (थ्री सिरीजची जोरदार आवृत्ती एम३४०आय तेवढी चारही चाकांवर चालते). टू सिरीज ग्रॅन कूपे, ए-क्लास आणि आपल्याकडे अलीकडच्या वर्षांत विकली गेलेली ए४ या पुढच्या चाकांवर चालतात. जाणकार यावर तासन् तास वाद घालतात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये हा फरक सगळ्यात आधी मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याला कळतो. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत केबिनच्या मधून मोठा उंचवटा जातो आणि तो पाचवा माणूस दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखा बसतो. घरात रोजची माणसं पाच असतील तर हे ब्रोशरमध्ये सापडणार नाही.

पायरी पहिली: टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा

शोरूमला जायच्या आधीच्या रविवारी हे काम उरका. होंडा सिटी साधारण ४.५८ मीटर लांब आहे. टू सिरीज ग्रॅन कूपे (२०२० मध्ये आलेली) आणि ए-क्लास लिमोझिन तिच्यापेक्षा किंचित आखूडच, साडेचार मीटरच्या आसपास. सी-क्लास ४.७५ मीटर, ए४ ४.७६, आणि थ्री सिरीजची लांब आवृत्ती, जिला ग्रॅन लिमोझिन म्हणतात, ४.८२ मीटर. म्हणजे सिटीच्या जागेत ग्रॅन लिमोझिन लावायची तर जवळजवळ एक वीत जास्त लागणार. ती वीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षभर गाजू शकते.

रुंदीचा आकडा वाचताना लक्षात ठेवा, कंपनी बहुधा आरसे सोडून मोजते. या सगळ्या गाड्या १.८ मीटरच्या आसपास आहेत, सिटी १.७५. पण प्रश्न गाडी आत जाण्याचा नाहीच, तुम्ही बाहेर कसे येणार हा आहे. खांब कुठे आहे, शेजारच्याची गाडी किती पसरते, ड्रायव्हरचं दार किती उघडतं, हे बघा.

मशीनचं पार्किंग असेल तर खांबावर किंवा कंट्रोल पॅनेलजवळ एक पाटी असते: कमाल लांबी, रुंदी, उंची, वजन. तिचा फोटो काढा. या सेडान दीड ते पावणेदोन टनांच्या घरात आहेत. उंचीची अडचण येत नाही, वजन आणि लांबीची येते. शिवाय त्या लोखंडी प्लेटला चाकांसाठी कडा असतात. बारीक टायरच्या गाडीचे रिम त्यावर घासले की चंदेरी कडेला करवतीने कापल्यासारखे ओरखडे येतात. माझ्या चारही चाकांना आहेत. आता मी तिकडे बघत नाही.

शेवटी रॅम्प. खरी परीक्षा उताराची नसते, उतार संपून सपाट जागा सुरू होते त्या सांध्याची असते. चढताना पुढचा बंपर लागतो, आणि वर पोचताना दोन चाकांच्या मधलं पोट. आमच्या वॉचमन काकांनी दुसऱ्याच दिवशी युक्ती सांगितली, "साहेब, तिरकी घ्या." एक चाक आधी चढवायचं, मग दुसरं. रॅम्प रुंद असेल तर ही युक्ती चालते. तुमचा रॅम्प अरुंद आणि वळणाचा असेल तर डेमो गाडी तिथे आणून बघितल्याशिवाय बुकिंगचा चेक फाडू नका. चांगला सेल्समन नाही म्हणत नाही.

पायरी दुसरी: आपला रस्ता लिहून काढा

एक आठवडाभर वहीत नोंद करा. सकाळी किती किलोमीटर, किती वेळ, त्यात सलग मोकळा रस्ता किती मिनिटं. माझा हिशेब बघा. पार्ला ते लोअर परळ, एका दिशेला पंधरा-सोळा किलोमीटर, वेळ पाऊण तास ते सव्वा तास, आणि त्यात मोकळा रस्ता म्हणजे सी-लिंकचा तुकडा.

आता वेगाची मर्यादा बघा. सी-लिंकवर ८०. कोस्टल रोडवर सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६०. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर १००. पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला १०० आणि घाटात ६०. कॅमेरे सगळीकडे. अशा शहरात १९० हॉर्सपॉवरची गाडी, २५८ हॉर्सपॉवरची गाडी आणि ३७४ हॉर्सपॉवरची एम३४०आय, तिघीही वरळीच्या सिग्नलला बेस्टच्या त्याच बसमागे उभ्या असतात.

मग ‘स्पोर्ट’चे पैसे कशाला मोजायचे? मोजण्यासारखं आहे, पण ते आकड्यांत नाही. स्टीअरिंग किती सरळ उत्तर देतं, ब्रेकवर पाय ठेवला की गाडी हिसका देते की लोण्यासारखी थांबते, सीट मांडीखाली किती लांब येते, खाली बसल्यामुळे वळणावर गाडी डुलत नाही, या गोष्टी तिशीच्या वेगातही रोज मिळतात. पेडर रोडचं वळण चाळीसच्या वेगाने घेताना चांगली सेडान जे देते ते उंच एसयूव्ही देत नाही. ज्याला हे जाणवतं त्याने ही गाडी घ्यावी. ज्याला जाणवत नाही त्याने त्याच पैशात आरामशीर एसयूव्ही घेतली तर मी अडवणार नाही.

पायरी तिसरी: चाकं आणि पोट

नवखा ग्राहक इथेच फसतो.

टायरवर २२५/४५ आर१८ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा रबराच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. म्हणजे इथे जेमतेम १०१ मिलिमीटर, चार इंच. तिसरा रिमचा व्यास इंचांत. २२५/५० आर१७ असेल तर भिंत साधारण ११२ मिलिमीटर. फरक एका बोटाचा, पण भर जुलैत खड्डा पाण्याखाली लपलेला असतो तेव्हा रिम वाकणार की वाचणार हे ते बोट ठरवतं. मी एकदा रात्री फ्लायओव्हर उतरताना असाच एक खड्डा खाल्ला. टायरला बाजूने अंड्यासारखा फुगवटा आला. तसा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. शक्यतो एकाच एक्सलवरचे दोन्ही बदलावे लागतात.

म्हणून एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्या असतील, एक १७ इंची रिमची आणि एक १८ किंवा १९ इंची स्पोर्ट पॅकेजवाली, तर मुंबईसाठी माझं मत १७ला. दिसायला ती जरा सोज्वळ वाटते, वाटू दे.

मग स्टेपनी. डिकी उघडा आणि चटई उचलून बघा. काही गाड्यांत रन-फ्लॅट टायर येतात, हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ८०च्या वेगाच्या आत, चालवता येतात. सोय उत्तम, पण त्यांची भिंत कडक असल्याने खड्डे जास्त जाणवतात आणि टायर महाग पडतो. रात्री बारा वाजता कोपऱ्यावरचा पंक्चरवाला त्याला हात लावेल याचीही खात्री नाही. काही गाड्यांत बारीक स्टेपनी असते, ती अर्धी डिकी खाते. काहींत नुसता पंप आणि चिकट द्रवाची बाटली. तिन्हींपैकी काय आहे ते विकत घेण्याआधी माहीत हवं, कशेडी घाटाच्या वळणावर नव्हे.

आता पोट. ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा सगळे विचारतात, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. स्पीडब्रेकरवर गाडी घासेल की नाही हे पुढच्या आणि मागच्या चाकांतल्या अंतरावरही ठरतं. ग्रॅन लिमोझिनमध्ये हे अंतर २.९६ मीटर आहे, सी-क्लासमध्ये २.८७, छोट्या टू सिरीजमध्ये २.६७. उंची तेवढीच असली तरी लांब गाडीचं पोट उंच स्पीडब्रेकरवर आधी टेकणार. त्यात मागे तिघे बसले आणि डिकीत बॅगा असल्या की गाडी आणखी दबते. आपल्याकडचे कितीतरी ब्रेकर रहिवाशांनी रातोरात स्वतः घातलेले असतात, त्यांना ना माप ना पांढरे पट्टे. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, गाडी भरून न्या.

पायरी चौथी: गिअरबॉक्स आणि इंधन

ऑटोमॅटिक म्हणजे सगळं एकच, असं नसतं. थ्री सिरीजमधला आठ गिअरचा आणि सी-क्लासमधला नऊ गिअरचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टर जातीचा. ताकद तेलातून जाते, म्हणून मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो गुळगुळीत वाटतो. ए४मधला सात गिअरचा गिअरबॉक्स दोन क्लचवाला. छोट्या दोन गाड्यांच्या पेट्रोल आवृत्त्यांतही तीच जात. मोकळ्या रस्त्यावर तो विजेसारखा गिअर बदलतो, पण ब्रेक सोडून गाडी हळूहळू सरकवताना काहींत बारीकसा धक्का जाणवतो. सायन ते घाटकोपर संध्याकाळी सात वाजता पार करणाऱ्याला तो धक्का दिवसाला दोनशे वेळा बसतो. दोन क्लचवाली गाडी चालवताना इंचाइंचाने सरकत राहू नये. पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी आणि मग निघावं. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवेल, त्याला गिअरबॉक्सचं बिल भरायचं नसतं.

डिझेलचा मोह सगळ्यांना होतो, आणि ॲव्हरेजमध्ये तो खोटाही नाही. पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी आपणहून ती काजळी जाळते, पण त्यासाठी इंजिन गरम आणि वेग बऱ्यापैकी सलग लागतो. पार्ला ते अंधेरी, अंधेरी ते पार्ला एवढंच चालवणाऱ्याची जाळी कधी साफच होत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याकडे दुर्लक्ष केलं की खर्च मोठा. तुमचं महिन्याला दोनदा पुणं किंवा नाशिक होत असेल तर डिझेल जरूर घ्या. नसेल तर पेट्रोल. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन मला शहरात आठाच्या आसपास देतं, वाईट दिवशी सात.

वापरलेली पेट्रोल गाडी घेणार असाल तर टाकीचं झाकण उघडून आतला स्टिकर वाचा. किमान ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांवर दहाच टक्क्यांची मर्यादा लिहिलेली आढळते.

इलेक्ट्रिकबद्दल दोनच ओळी. बीएमडब्ल्यू आय४ किंवा बीवायडी सील मुंबईच्या ट्रॅफिकला खरं तर जास्त शोभतात, धक्का नाही, आवाज नाही, आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलही माफ आहे. पण बॅटरी पोटाखाली आहे, आणि मशीनच्या पार्किंगमध्ये चार्जर कुठे बसवणार याचं उत्तर सोसायटीकडून लेखी मिळेपर्यंत थांबा.

पायरी पाचवी: आईला बसवून बघा

आमच्या आईचे गुडघे दुखतात. शोरूममध्ये ती मागच्या सीटवर हसत बसली, उतरताना मात्र माझा हात धरून दोनदा प्रयत्न करावा लागला. सेडान खाली असते, छप्पर मागे उतरतं, आणि वाकून डोकं सांभाळत आत शिरावं लागतं. टू सिरीज ग्रॅन कूपेसारख्या तिरप्या छपराच्या गाडीत तर सहा फुटी मुलाचं डोकं वर टेकतं. ग्रॅन लिमोझिन आणि सी-क्लासमध्ये मागे पाय पसरता येतात. घरातली ज्येष्ठ माणसं रोज मागे बसणार असतील तर लांब गाडीचं पोट घासणं सोसावं, कधीमधीच बसणार असतील तर छोटी गाडी चालेल. एक तोल इकडे, एक तिकडे. दोन्ही एकाच गाडीत मिळत नाही.

डिकीचे लिटर विचारू नका, तोंड बघा. आत जागा भरपूर आणि उघडं तोंड चिंचोळं, असं सेडानमध्ये नेहमी असतं. आमच्या गणपतीची मूर्ती दीड फुटाची, मखरासकट डिकीतून जात नाही. पुढची सीट मागे सारून तिथेच आणतो, मांडीवर पाट घेऊन. गौरी-गणपतीला गावी जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं सुरू आहे, आणि १९ इंची रिमची गाडी घेऊन त्यावर सहा तास काढणं ही शिक्षा आहे. आमच्याकडे त्या आठवड्यात मेहुण्याची जुनी इनोव्हा मागून आणतात आणि सेडान पार्ल्यात झाकून ठेवतात.

पायरी सहावी: टेस्ट ड्राइव्ह आपल्या अटींवर

रविवारी सकाळी दहाला, शोरूमच्या ठरलेल्या मोकळ्या फेरीवर कोणतीही गाडी छानच वाटते. बुधवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अंधेरी ते गोरेगाव, मग आतल्या गल्लीतून परत. ‘कम्फर्ट’ मोडवरच चालवा, कारण रोज तोच वापरणार. वीस मिनिटं सरकत्या ट्रॅफिकमध्ये कंबर काय म्हणते ते ऐका. ऑटो-होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) चालू करा, सुटताना धक्का बसतो का बघा. दोन्ही बाजूंनी दुचाक्या खेटून जातात तेव्हा पार्किंग सेन्सर सतत ओरडतात का, आणि ते बंद करायला किती बोटं लागतात हेही. एसी सगळ्यात कमी तापमानावर ठेवून मागच्या सीटवरच्याला विचारा.

मोठं काचेचं छप्पर मुलांना आवडतं. पण त्याचं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या बारीक असतात. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी आत उतरतं. दर मे महिन्यात साफ करून घेणार असाल तर घ्या. सीटचा रंग मात्र पांढरट घेऊ नका.

पायरी सातवी: कागदावरचा हिशेब

समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत ५० लाख आहे. त्यात जीएसटी आधीच आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, तुमच्या स्वतःच्या नावावर, १३ टक्के म्हणजे साडेसहा लाख. डिझेलला १५ टक्के, साडेसात लाख. कंपनीच्या नावावर घेतली किंवा गाडी तयार आयात झालेली असेल तर २० टक्के, दहा लाख. सीएने कंपनीच्या नावावर घ्यायला सांगितलं असेल तर हा साडेतीन लाखांचा फरक त्याला आधी दाखवा. थ्री सिरीज चेन्नईत जुळवतात, सी-क्लास चाकणला आणि ए४ छत्रपती संभाजीनगरला, म्हणून त्या आयात गाडीच्या दरात जात नाहीत. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, इथे पन्नास हजार. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण पावती सांभाळा.

किमतीवर घासाघीस करण्यापेक्षा सर्व्हिस पॅकेज आणि वाढीव वॉरंटीवर करा. या गाड्यांचा खरा खर्च चौथ्या वर्षापासून सुरू होतो. आणि डिसेंबरात ‘खास सूट’ देऊ केली तर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते चॅसी नंबरवरून विचारा.

पायरी आठवी: वापरलेली घेणार असाल तर

माझ्या मते मुंबईत पहिली लक्झरी सेडान वापरलेलीच घ्यावी. बाजाराचा साधारण हिशेब असा, की तीन-चार वर्षांत किंमत निम्म्याच्या आसपास येते. पहिला ओरखडा दुसऱ्याने मारून ठेवलेला असतो, त्यामुळे झोप शांत लागते.

पण तपासणी कडक हवी. चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सगळी नोंद काढा. शेवटच्या सर्व्हिसचे किलोमीटर मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त निघाले तर तिथूनच परत फिरा. कॉम्प्युटर स्कॅन करून घ्या, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नको. सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंट, ब्रेकच्या डिस्क आणि ऑइलची गळती, मुंबईतल्या गाड्यांत पैसे इथेच जातात.

बुडालेली गाडी ओळखायला नाक लागतं. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि मग आत बसा. ओल्या गोणपाटाचा वास अत्तर मारूनही पूर्ण जात नाही. सीट पुढे सारून खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मातीची रेघ दिसली तर समजा. डिकीची चटई उचला, काही गाड्यांची बॅटरी तिथेच असते, तिच्या आजूबाजूला गाळ नको.

दुसऱ्या राज्यातली स्वस्त गाडी दिसली तर सावध. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या कमी भावात बाहेर विकल्या जातात. तिथल्या आरटीओची एनओसी, इथलं पुन्हा पासिंग आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स मिळवला की स्वस्ताई बरीच वितळते. इथली एमएच-०१ किंवा एमएच-०२ घेतलीत तरी मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, आणि परिवाहनच्या साइटवर थकलेले ई-चलन, एवढं तपासा. वेगाचे चलन असतील तर गाडी कशी चालवली तेही कळतं, फुकटात.

पायरी नववी: पावसाळा

विम्यात झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कलम, सगळेच घेतात. मुंबईत त्याहून महत्त्वाचं कलम म्हणजे इंजिन प्रोटेक्ट. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेलात आणि पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं, तर आतला दांडा वाकतो, आणि साधी पॉलिसी ते नुकसान बहुधा मान्य करत नाही. इंजिन प्रोटेक्ट असलं तरी बंद पडलेल्या गाडीचं बटण दुसऱ्यांदा दाबायचं नाही. ढकला, टो करा, सोडून चालत घरी या. टायर आणि रिमचं कव्हर मिळत असेल तर तेही घ्या, वर का ते सांगितलंच आहे.

हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे. ही चार नावं तुमच्या रस्त्यात असतील तर पर्यायी वाट आधीच ठरवा. समोरच्या गाडीच्या चाकाचा मध्य पाण्यात गेलेला दिसला की वळायचं. शेजारून एसयूव्ही गेली म्हणून आपण जायचं नसतं, तिच्या लाटेचंच पाणी आपल्या बॉनेटवर येतं.

डिलिव्हरीच्या दिवशी

दिवसाउजेडी जा. चारही टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चाकाखाली लिंबू ठेवायच्या आधी ती वाचा, नंतर वाकणं होत नाही. दोन्ही किल्ल्या, टो करायचा हुक आणि जॅक मोजून घ्या. आणि हार घालायला कोणी पुढे आलं तर तो बॉनेटवर ठेवायला सांगा, खाली बंपरवर लोंबू देऊ नका. पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार बहुधा तिथेच असतं. आमच्या झेंडूच्या हारामुळे शोरूमच्या दारातच डॅशबोर्डवर दिवा लागला होता, आणि दोन मेकॅनिक वीस मिनिटं बिघाड शोधत होते.